सहा मिनिटांचा पवित्रा : मार्व्हिन हॅगलर आणि ६ एप्रिल १९८७

#थ्रेड

१/
६ एप्रिल १९८७. लास व्हेगस येथील सीझर्स पॅलेसच्या आवारात, उघड्या आकाशाखाली उभारलेले रिंग. एका कोपऱ्यात मार्व्हिन हॅगलर : १९८० पासून मिडलवेट गटाचा जगज्जेता, जगाला ठाऊक असलेला साऊथपॉ, म्हणजे डावखुऱ्या पवित्र्याचा मुष्टियोद्धा. दुसऱ्या कोपऱ्यात शुगर रे लेनर्ड : मागील पाच वर्षांत केवळ एक लढत खेळलेला, डोळ्याच्या शस्त्रक्रियेतून गेलेला. घंटा वाजली, हॅगलर पुढे आला आणि जाणकार चमकले. त्याचा डावा पाय पुढे होता. जगज्जेता उजव्या हाताच्या मुष्टियोद्ध्यासारखा उभा होता.

२/
पुढील दोन फेऱ्या, म्हणजे घड्याळाची सहा मिनिटे, तो या परक्या पवित्र्याने लढला. तिसऱ्या फेरीत तो आपल्या मूळ पवित्र्याकडे परतला. बारा फेऱ्यांनंतर निकाल लागला तेव्हा जगज्जेतेपद गेले होते, तेही विभागलेल्या निर्णयाने. या सहा मिनिटांचे मोल नेमके किती होते, हा मुष्टियुद्धाच्या इतिहासातील आजही वादाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधताना पवित्रा म्हणजे काय, तो बदलण्याची विद्या कोठून आली आणि हॅगलरने ती का आत्मसात केली, हे पाहावे लागते.

३/
'पवित्रा' हा शब्द मराठीने आखाड्यातून उचलला. लाठी किंवा तलवार चालवताना पायांची आणि शरीराची जी ठेवण घेतली जाते तो पवित्रा. आज वृत्तपत्रांतील पुढारी रोज पवित्रा घेतात आणि बदलतात. परंतु मूळ अर्थाने पवित्रा बदलणे ही शरीराची अत्यंत अवघड क्रिया आहे. मुष्टियुद्धात ती अधिकच अवघड, कारण तेथे समोरचा माणूस तुमचे पाय हलण्याचीच वाट पाहत असतो.

४/
मुष्टियुद्धात मुख्य पवित्रे दोन. पहिला ऑर्थोडॉक्स : डावा पाय आणि डावा हात पुढे, उजवा हात मागे, हनुवटीजवळ. पुढच्या डाव्या हाताने जॅब मारून अंतर मोजायचे, प्रतिस्पर्ध्याला रोखायचे. मागचा बलवान उजवा हात निर्णायक ठोशासाठी राखून ठेवायचा. दुसरा साऊथपॉ : याचेच आरशातील प्रतिबिंब. उजवा पाय आणि उजवा हात पुढे, डावा हात मागे. सामान्यतः उजव्या हाताची माणसे पहिला पवित्रा घेतात, डावखुरी दुसरा.

५/
नावांतच इतिहास दडलेला आहे. 'ऑर्थोडॉक्स' म्हणजे रूढ, शास्त्रसंमत, सनातनी. जो त्या रीतीने उभा राहत नाही तो आपोआपच रूढीबाहेरचा ठरतो. 'साऊथपॉ' हा शब्द बेसबॉलच्या मैदानावर जन्मला अशी कथा सर्वत्र सांगितली जाते. प्रत्यक्षात १८४८ च्या एका अमेरिकन राजकीय व्यंगचित्रात तो डाव्या हाताच्या ठोशासाठी आलेला आहे, आणि तेव्हा बेसबॉलचा व्यावसायिक खेळ अस्तित्वातही नव्हता. लोकप्रिय व्युत्पत्ती किती सहज रुजते, याचा हा एक नमुना.

६/
दोन ऑर्थोडॉक्स मुष्टियोद्धे समोरासमोर आले, तर भूमिती परिचयाची असते. एक ऑर्थोडॉक्स आणि एक साऊथपॉ भिडले की सारे बदलते. दोघांचे पुढचे पाय एकमेकांसमोर येतात, एकमेकांत अडकतात. ज्याचा पुढचा पाय प्रतिस्पर्ध्याच्या पायाच्या बाहेरच्या अंगाला पडतो, त्याच्या मागच्या हाताला सरळ वाट मिळते आणि तो स्वतः समोरच्याच्या मागच्या हाताच्या रेषेतून बाहेर पडतो. सगळी लढत त्या वीतभर जागेसाठी चालते.

७/
यात साऊथपॉचा लाभ संख्येतून येतो. डावखुरी माणसे मुळातच थोडी. म्हणून साऊथपॉला आयुष्यभर बहुतेक ऑर्थोडॉक्स प्रतिस्पर्धीच भेटतात. त्यांची त्याला सवय होते. उलट ऑर्थोडॉक्स मुष्टियोद्ध्याला साऊथपॉ क्वचित भेटतो. सरावासाठीही तसा जोडीदार सहज मिळत नाही. ठोसे अनपेक्षित कोनांतून येतात. डावखुऱ्या गोलंदाजासमोर प्रथमच उभ्या राहिलेल्या फलंदाजाला ही अडचण सांगावी लागत नाही.

८/
याच कारणाने साऊथपॉ कोणालाच नकोसा असे. हरण्याची शक्यता अधिक, लढत दिसायला बेढब, त्यामुळे तिकीटविक्रीचीही खात्री नाही. व्यवस्थापक आपल्या मुष्टियोद्ध्याला त्याच्यापासून दूर ठेवत. अनेक प्रशिक्षक तर डावखुऱ्या मुलाला पहिल्याच दिवशी फिरवून ऑर्थोडॉक्स उभे करत. मराठीत 'उजवा ठरणे' म्हणजे सरस ठरणे, आणि 'डावलणे' म्हणजे बाजूस सारणे. मुष्टियुद्धाच्या व्यवसायाने हे दोन्ही अर्थ अक्षरशः पाळले.

९/
साऊथपॉ जगज्जेते झालेच नाहीत असे नव्हे. एप्रिल १९१४ मध्ये ब्रुकलिन येथे अल मॅकॉयने जॉर्ज चिपला पहिल्याच फेरीत गारद करून मिडलवेटचे विजेतेपद मिळवले. जगज्जेता ठरलेला पहिला साऊथपॉ म्हणून त्याचे नाव घेतले जाते. २६ फेब्रुवारी १९२६ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये टायगर फ्लॉवर्सने हॅरी ग्रेबला हरवले. तो मिडलवेट गटाचा पहिला कृष्णवर्णीय जगज्जेता, आणि तोही साऊथपॉ. ही उदाहरणे लक्षात राहतात ती त्यांच्या विरळपणामुळे.

१०/
लढतीच्या मध्येच पवित्रा बदलण्याची कल्पनाही जुनी आहे. १७ मार्च १८९७ रोजी नेव्हाडातील कार्सन सिटी येथे हेवीवेट जगज्जेता जिम कॉर्बेट आणि बॉब फिट्झसिमन्स यांची लढत झाली. कॉर्बेट चपळ आणि शास्त्रशुद्ध. फिट्झसिमन्स न्यूझीलंडमध्ये वाढलेला, पूर्वी लोहारकाम केलेला. चौदाव्या फेरीत फिट्झसिमन्सने उजवा पाय पुढे टाकला, क्षणभर साऊथपॉ झाला आणि डाव्या हाताचा ठोसा कॉर्बेटच्या छातीच्या पिंजऱ्याखाली, पोटाच्या खोलगट भागावर हाणला. कॉर्बेट वेळेत उठू शकला नाही.

११/
ही लढत चलच्चित्राच्या फितीवरही उतरली होती. दीड तासाहून अधिक लांबीची ती फीत आरंभीच्या दीर्घ चित्रपटांत गणली जाते. पाऊल बदलत बदलत ठोसा मारण्याच्या या युक्तीला इंग्रजीत 'शिफ्ट' हे नाव मिळाले. पुढे १९०८ ते १९१० या काळातील मिडलवेट जगज्जेता स्टॅनली केचेल तिच्यासाठी प्रसिद्ध झाला. परंतु हे एका ठोशापुरते पवित्रा ओलांडणे होते. दोन्ही पवित्र्यांत संपूर्ण लढत लढता येणे ही निराळी, बरीच दुर्मीळ विद्या.

१२/
अवघड काय असते? पाय बदलताना एक क्षण असा येतो की दोन्ही पावले एका ओळीत असतात. त्या क्षणी तोल सर्वांत कच्चा. हलका ठोसाही माणसाला खाली बसवू शकतो. शिवाय बचावाच्या सगळ्या सवयी उलटतात : डोके कोणत्या बाजूला झुकवायचे, कोणता हात ठोसा अडवणार, कोणत्या दिशेने सरकायचे. दहा वर्षे अंगवळणी पडलेली प्रतिक्षिप्त क्रिया नव्या बाजूला तितक्याच वेगाने घडत नाही. म्हणून बहुतेक प्रशिक्षक शिष्याला यापासून परावृत्त करत.

१३/
आता हॅगलर. जन्म २३ मे १९५४, न्यू जर्सीतील न्यूअर्क. जुलै १९६७ मध्ये तेथे उसळलेल्या वांशिक दंगलीत २६ माणसे मरण पावली. हॅगलर तेव्हा तेरा वर्षांचा होता. १९६९ मध्ये हे कुटुंब मॅसॅच्युसेट्समधील ब्रॉकटन या गावी गेले. हेवीवेट जगज्जेता रॉकी मार्सियानो याच गावचा. तेथे गुडी आणि पॅट पेट्रोनेली या बंधूंची व्यायामशाळा होती. त्यांचा बांधकामाचाही व्यवसाय होता. हॅगलर दिवसा त्यांच्याकडे काम करी आणि नंतर त्यांच्याच व्यायामशाळेत सराव करी.

१४/
१९७३ मध्ये राष्ट्रीय हौशी विजेतेपद मिळवून तो व्यावसायिक झाला. त्याने उजव्या हाताचा असा जॅब घडवला की तो ठोशाइतकाच लागे. आणि त्याच्या जोडीला ऑर्थोडॉक्स पवित्राही घोटून घेतला. लढतीच्या मध्येच तो बाजू बदले. समोरच्याने एका हॅगलरशी जुळवून घेतले की दुसरा हॅगलर हजर होई. त्याच्यासारख्या नकोशा साऊथपॉला याचा दुहेरी उपयोग होता : प्रतिस्पर्ध्याची तयारी निम्मी वाया जाई, आणि स्वतःच्या भात्यात दोन्ही हात राहत.

१५/
परंतु संधी येईना. माजी हेवीवेट जगज्जेता जो फ्रेझर याने त्याला त्याचे तीन दोष सांगितल्याचे प्रसिद्ध आहे : तू कृष्णवर्णीय आहेस, साऊथपॉ आहेस आणि चांगला आहेस. तीन दोषांपैकी तिसरा सर्वांत घातक. अखेरीस पेट्रोनेली बंधूंनी मॅसॅच्युसेट्सचे वजनदार नेते टिप ओ'नील आणि एडवर्ड केनेडी यांच्यामार्फत मुष्टियुद्धाच्या नियामकांवर दबाव आणला. जगज्जेतेपदाची पहिली लढत हॅगलरला मिळाली तेव्हा त्याच्या खात्यावर जवळजवळ पन्नास लढती जमा होत्या.

१६/
३० नोव्हेंबर १९७९, पुन्हा लास व्हेगस, पुन्हा सीझर्स पॅलेस. जगज्जेता व्हिटो अँटुओफेर्मो. पंधरा फेऱ्या झाल्या. एका पंचाने हॅगलरला विजयी ठरवले, दुसऱ्याने अँटुओफेर्मोला, तिसऱ्याने बरोबरी दिली. लढत अनिर्णित. आणि मुष्टियुद्धाचा जुना नियम असा की लढत अनिर्णित राहिली, तर विजेतेपद जगज्जेत्याकडेच राहते. हॅगलर हरला नव्हता. तरी रिकाम्या हाताने परतला. हा नियम ध्यानात ठेवावा. या धाग्याच्या शेवटी तो पुन्हा येणार आहे.

१७/
त्याच संध्याकाळी, त्याच रिंगमध्ये आणखी एक लढत झाली. १९७६ च्या माँट्रिअल ऑलिम्पिकचा सुवर्णपदक विजेता, दूरचित्रवाणीचा लाडका, तेवीस वर्षांचा एक तरुण विल्फ्रेड बेनिटेझला पंधराव्या फेरीत थांबवून वेल्टरवेटचा जगज्जेता झाला. त्याचे नाव शुगर रे लेनर्ड. व्यावसायिक होऊन त्याला तीन वर्षेही झाली नव्हती. एकाच रात्री एकाच छताखाली एकाचा उदय झाला आणि दुसरा डावलला गेला. हॅगलरच्या मनातील लेनर्डविषयीची अढी समजून घ्यायची, तर ही रात्र विसरता येत नाही.

१८/
२७ सप्टेंबर १९८० रोजी लंडनच्या वेम्बली येथे हॅगलरने ॲलन मिंटरला तिसऱ्या फेरीत थांबवले आणि जगज्जेतेपद मिळवले. मिंटरही साऊथपॉ होता. आनंदाच्या त्या क्षणी प्रेक्षकांतून बाटल्यांचा वर्षाव सुरू झाला. नव्या जगज्जेत्याला त्याच्या सहकाऱ्यांनी अंगाने झाकून आणि पोलिसांनी कडे करून बाहेर काढले. पट्टा कमरेला बांधण्याचा समारंभही तेथे होऊ शकला नाही.

१९/
त्यानंतर साडेसहा वर्षांत त्याने बारा वेळा हे पद राखले. १९८२ मध्ये त्याने कायदेशीररीत्या आपल्या नावात 'मार्व्हलस' हा शब्द घातला. नोव्हेंबर १९८३ मध्ये रॉबर्टो दुरान तेराव्या फेरीअखेर दोन पंचांच्या मते एका गुणाने पुढे होता. हॅगलरने शेवटच्या दोन फेऱ्या जिंकून लढत खेचून आणली. १५ एप्रिल १९८५ रोजी थॉमस हर्न्सला त्याने तिसऱ्या फेरीत संपवले. मार्च १९८६ मध्ये जॉन मुगाबी अकराव्या फेरीत पडला. उरला होता फक्त लेनर्ड.

२०/
लेनर्ड १९८२ मध्येच निवृत्त झाला होता. डोळ्याचा पडदा सुटल्याने त्यावर शस्त्रक्रिया झाली होती. मे १९८४ मध्ये तो परतला, केव्हिन हॉवर्डकडून आयुष्यात प्रथमच जमिनीवर आला, लढत मात्र जिंकला आणि पुन्हा निवृत्त झाला. आता त्याने हॅगलरला आव्हान दिले. मिडलवेटच्या जगज्जेतेपदासाठी तो प्रथमच उतरत होता. हॅगलरचे पारडे जड मानले जात होते.

२१/
वाटाघाटींत हॅगलरला अधिक मोठी रक्कम हवी होती. ती त्याला मिळाली. लेनर्डने त्या बदल्यात तीन गोष्टी मागून घेतल्या : मोठे रिंग, दहा औंसांचे जाड हातमोजे आणि पंधराऐवजी बारा फेऱ्या. मोठ्या रिंगमध्ये पळता येते. जाड मोज्यांचा मार कमी लागतो. १९८२ मध्ये दक्षिण कोरियाच्या किम दुक-कू याचा लढतीनंतर मृत्यू झाल्यावर बारा फेऱ्यांची पद्धत सुरू झालीच होती. पण उत्तरार्धात बलवान होत जाणाऱ्या हॅगलरसाठी त्या तीन फेऱ्या सोडणे लहान गोष्ट नव्हती. दुरानची लढत त्याने तेराव्या फेरीनंतरच जिंकली होती.

२२/
आणि मग ती घंटा. हॅगलर ऑर्थोडॉक्स उभा राहिला. कारणांचा तर्क करता येतो. लेनर्डने अनेक महिने साऊथपॉविरुद्ध सराव केला असणार. तो सराव निष्फळ करावा, हा हेतू सुसंगत दिसतो. दुसरे कारण स्वभावातील. ज्याला आयुष्यभर राकट, मेहनती, डावखुरा कारागीर म्हटले गेले, त्याला आपण लेनर्डइतकेच कुशल आहोत, हे लेनर्डच्याच पद्धतीने दाखवायचे असावे. दोन्ही कारणे एकत्र नांदू शकतात.

२३/
परिणाम उलटा झाला. हॅगलरचे मुख्य शस्त्र होते पुढच्या उजव्या हाताचा जॅब. ऑर्थोडॉक्स उभे राहताच तो हात मागे गेला. लेनर्डसमोर आता तीच परिचित भूमिती होती, जिच्यात तो लहानपणापासून वाढला होता. तो सरकत राहिला, झटपट ठोशांच्या माळा मारून निसटत राहिला. पाच वर्षांत एकच लढत खेळलेल्या माणसाला पाय मोकळे करायला जी सहा मिनिटे हवी असतात, ती त्याला मिळाली. पहिल्या दोन्ही फेऱ्या तिन्ही पंचांनी लेनर्डला दिल्या.

२४/
तिसऱ्या फेरीत हॅगलर साऊथपॉ झाला आणि लढत अटीतटीची होऊ लागली. पाचव्या फेरीत त्याच्या अपरकटने लेनर्डचे गुडघे लवले. नवव्या फेरीत दोघांनी दोरांजवळ थरारक देवाणघेवाण केली. मात्र लेनर्डकडे दुसरी योजना होती : प्रत्येक फेरीचे शेवटचे तीस सेकंद उरले की कोपऱ्यातून इशारा व्हायचा आणि तो झपाट्याने ठोसे बरसवायचा, म्हणजे फेरी संपताना पंचांच्या डोळ्यांत तेच चित्र राहावे. मोजणीनुसार हॅगलरने ७९२ ठोसे मारले, २९१ लागले. लेनर्डने ६२९ मारले, ३०६ लागले.

२५/
निकाल. लू फिलिपो : ११५-११३, हॅगलर. डेव्ह मोरेटी : ११५-११३, लेनर्ड. जोजो ग्वेरा : ११८-११०, लेनर्ड. ग्वेरांच्या गुणपत्रिकेवर तेव्हापासून टीका होत आली आहे. दहा फेऱ्या लेनर्डला आणि दोनच हॅगलरला, हे फार थोड्यांना पटले. परंतु निर्णायक गुणपत्रिका त्यांची नव्हती. निर्णायक होती मोरेटींची, आणि तिचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे.

२६/
नियम असा : फेरी जिंकणाऱ्यास १० गुण, हरणाऱ्यास ९, कोणी खाली पडला, तर त्याहून कमी. या लढतीत कोणीही पडले नाही. बारा फेऱ्यांत ११५-११३ याचा अर्थ सात फेऱ्या एकाला, पाच दुसऱ्याला. आता पहिल्या दोनपैकी केवळ एक फेरी मोरेटींनी हॅगलरला दिली असती, तर त्यांची बेरीज ११४-११४ झाली असती. एक पंच हॅगलरकडे, एक लेनर्डकडे, एक बरोबरीत. लढत अनिर्णित.

२७/
म्हणजेच हुबेहूब ३० नोव्हेंबर १९७९ चा निकाल. तेव्हा ज्या नियमाने अँटुओफेर्मोकडे पद ठेवले आणि हॅगलरला रिकाम्या हाताने घरी पाठवले, त्याच नियमाने १९८७ मध्ये जगज्जेता असलेल्या हॅगलरचे पद राखले असते. आणि दोन्ही फेऱ्या त्याच्याकडे गेल्या असत्या, तर मोरेटींच्या कागदावर ११५-११३ हेच आकडे हॅगलरच्या नावापुढे आले असते. विभागलेल्या निर्णयाने तो जिंकला असता. सहा मिनिटांच्या पवित्र्याची किंमत गणिताने इतकी भरते.

२८/
येथे इतिहासाच्या अभ्यासकाने थांबून सावध व्हावे. फेऱ्या म्हणजे माळेतले मणी नव्हेत की एक काढून दुसरा ओवला तरी बाकीचे जागच्या जागी राहतील. हॅगलर आरंभापासून साऊथपॉ लढला असता, तर लेनर्डही वेगळा लढला असता. पुढच्या दहा फेऱ्या जशाच्या तशा घडल्या असत्या, असे मानण्यास आधार नाही. शिवाय रिंगचा आकार, बारा फेऱ्या, शेवटच्या तीस सेकंदांची युक्ती आणि बत्तिसाव्या वर्षी मंदावलेले पाय, ही कारणेही तितकीच खरी आहेत.

२९/
तरीही या कारणांमध्ये एक भेद करता येतो. वय हॅगलरच्या हाती नव्हते. पंच त्याच्या हाती नव्हते. रिंग आणि फेऱ्या यांवर त्याने सौदा केला होता. परंतु पहिली घंटा वाजल्यावर कोणता पाय पुढे टाकायचा, हा निर्णय सर्वस्वी त्याचा होता. एरवी तो पवित्रा बदले तो समोरच्याची गरज ओळखून, लढतीच्या ओघात. त्या रात्री तो लढत सुरू होण्याआधीच ठरवून बदलला गेला. साधन तेच, वापरण्याची वेळ चुकली.

३०/
तुलनेसाठी एक अलीकडचे उदाहरण. २८ जून २०१४, ओमाहा. टेरेन्स क्रॉफर्ड आपल्या गावच्या प्रेक्षकांसमोर युरिओर्किस गाम्बोआविरुद्ध ऑर्थोडॉक्स उभा होता आणि गाम्बोआच्या वेगापुढे सुरुवातीला मागे पडत होता. त्याने काही फेऱ्या पाहिले, मोजले, मग साऊथपॉ झाला. लढतीचा रंगच पालटला. गाम्बोआ चार वेळा जमिनीवर आला आणि नवव्या फेरीत लढत थांबली. क्रॉफर्डने पवित्रा बदलला तो उत्तर म्हणून. प्रश्न आधी समोर आला होता.

३१/
हॅगलरला परतीची लढत मिळाली नाही. लेनर्ड त्या विजयानंतर पुन्हा निवृत्त झाला. हॅगलरने वर्षभर वाट पाहिली आणि जून १९८८ मध्ये निवृत्ती जाहीर केली. तो इटलीला गेला, तेथे चित्रपटांत कामे केली. पुढे लेनर्डकडून प्रस्ताव आला तेव्हा त्याने नकार दिला. ६७ लढती, ६२ विजय, ३ पराभव, २ बरोबरी. तो निकाल त्याने अखेरपर्यंत मान्य केला नाही. १३ मार्च २०२१ रोजी त्याचे निधन झाले.

३२/
ज्या व्यवसायाने त्याला डावखुरा म्हणून वर्षानुवर्षे डावलले, त्याच्याच रूढ पवित्र्यात उभे राहून त्याने आपल्या सर्वांत मोठ्या लढतीची सुरुवात केली, आणि तीच सुरुवात त्याला महागात पडली. दोन्ही हातांनी लढता येणे हे त्याचे कष्टाने कमावलेले सामर्थ्य होते. त्या संध्याकाळी मात्र लेनर्डला धास्ती होती ती उजव्या हॅगलरची नव्हे, डाव्या हॅगलरची. आणि तो पहिली सहा मिनिटे रिंगमध्ये आलाच नाही.

(धागा समाप्त)
#इतिहास #मुष्टियुद्ध